काठीच्या खालच्या अंगाने

बोरशेत
२२ जून २०२५, रविवार

हर्षला,

माझा नंबर ब्लॉक केलास, ठीक आहे. पोस्टमनला ब्लॉक करून दाखव.

पत्ता मला पाठ आहे. पुण्याच्या त्या हॉस्टेलच्या गेटावरची पाटी मी पाऊण तास वाचत उभा होतो. त्या दिवशी मी फक्त भेटायला आलो होतो, वॉचमनने उगाच मोठं केलं. असो.

तू म्हणाली होतीस, आधी आयुष्यात काहीतरी कर, मग तोंड दाखव. केलं. दुसऱ्या वर्षाला सरांच्या टेबलावर जर्नल भिरकावून आलेला माणूस आता सुपरवायझर आहे. अंगावर चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आहे आणि हाताखाली सहा जण आहेत. बोरशेत फाट्यापासून खोपोलीच्या कारखान्यांपर्यंत रस्त्याच्या डाव्या कडेने सायकलवाल्यांसाठी वेगळा हिरवा पट्टा होतोय, साडेपाच किलोमीटर. आपल्याकडची शंभर-सव्वाशे माणसं पहिल्या पाळीला सायकलने जातात, डंपरची चाकं कानाजवळून घेत. कुणी विचार केला होता का त्यांचा? पट्ट्यावर पांढऱ्या रंगात सायकलचं चित्र असतं, ते पहिलं मी स्वतः काढलं. तुझ्या निळ्या लेडीज सायकलसारखी दांडी खाली वाकवली. साहेबांनी पुसून परत काढायला लावलं. म्हणाले, सरकारी सायकलला अशी दांडी नसते.

पाऊस मात्र यंदा वैरी आहे. मेमध्येच आला आणि आला तो बसलाच. हिरवा रंग नीट वाळला नाही. ओला झाला की शेवाळावरून चालवल्यासारखी चाकं सरकतात. रिमवर ब्रेक धरत नाहीत. सगळे म्हातारे त्या पट्ट्यावरून पाय खाली घासत जातात, बदकांसारखे.

ओहोळावरच्या आपल्या फरशीचंही तेच झालं. पट्टा तिच्यावरून न्यायचा तर तो बिनकठड्याचा बुटका पूल चार फुटांनी रुंद करायला हवा होता. पाणी आलं, ते काम राहिलं. साहेब म्हणाले, खांब तरी लावून घ्या, फोटोत पट्टा सलग दिसला पाहिजे. म्हणून फरशीच्या खालच्या काठावर, अगदी ओठावर, अठरा प्लास्टिकचे खांब बसवलेत. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. बुडाशी स्प्रिंग आहे. साहेबांनी बुटाने एक लाथ घातली तर आडवा झाला आणि परत उभा. म्हणाले, "टेंपो गेला तरी असाच उठतो. वाकतो, मोडत नाही."

तुझ्या बाबांनी दरवर्षीसारख्या वरच्या काठावर काठ्या रोवायला घेतल्यात. सध्या वर बांबू आणि खाली खांब, फरशी नवरीसारखी सजलीय.

बाबा बरे आहेत. आमची भेट झाली. विशेष बोलणं झालं नाही.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

देवेश


४ जुलै, शुक्रवार

हर्षला,

बारा दिवस झाले. पोस्टमनला रोज विचारतो. आता तो मला बघून दुसऱ्या आळीने जातो.

कालच तुझी आई आमच्या आईला बोलली, की तू फोनवर काठ्यांचं विचारलंस. तर, काठ्या गेल्या. परवाच्या पाण्यात गेल्या असणार. फरशीवर आता फक्त खांब आहेत.

तुझे बाबा फरशीवरून जात नाहीत. हायवेच्या पुलावरून वळसा घालून जातात, सात किलोमीटर जास्त. अठ्ठावन्नाव्या वर्षी, पहिल्या पाळीला, त्या पावसात. डोक्यावर युरियाच्या गोणीची कुंची, सीटवर प्लास्टिकची पिशवी, मागे डबा. सकाळी साडेपाचला मी आमच्या साइट-ऑफिसच्या कंटेनरच्या दारात उभा असतो तेव्हा समोरून जातात आणि मी तिथे नसल्यासारखं बघतात. गावात म्हणतात, दशरथ हट्टी हाय, खांबांची सावली पण नको म्हणतो.

दुसरं सांगायचं म्हणजे आपल्या आळीतला रूपेश पडला. घाबरू नकोस, चहाच्या टपरीवर बसून तोच सगळ्यांना सांगतोय. बुधवारी सकाळी फरशीवर गुडघाभर पाणी होतं, गढूळ, खालचं काही दिसत नाही असं. बाकीचे पाणी उतरायची वाट बघत थांबले. याला हजेरी चुकवायची नव्हती. सायकल खांद्यावर घेऊन निघाला.

"काठी धरली रं, रोजच्यासारका खालच्या अंगानं पाय टाकला," म्हणाला, "तर खाली कायच नाय."

डोहात गेला. पोहता येतं म्हणून वाचला. डबा गेला, सायकल चाळीस पावलांवर करंजाच्या मुळात अडकलेली सापडली. टपरीवर सगळे हसले. कुणीतरी विचारलं, डब्यात काय होतं, तर म्हणाला बोंबील, घरी परत गेले. मीही हसलो.

पण मग झोपताना ते डोक्यात फिरायला लागलं. "काठी धरली" असं तो म्हणाला. काठी नव्हतीच तिथे. त्याने खांब धरला होता.

तुला काय सांगायचं, तुझ्याच घरची रीत. पाणी घाटाकडून येतं आणि माणसाला खाली ढकलतं, म्हणून काठ्या वरच्या काठावर. वरचा हात काठीला, अंग काठीच्या खालच्या बाजूला. मग खाली सगळी फरशी आपलीच, दोन पावलं ढकलला गेला तरी पायाखाली दगड आहे. तू दहा वर्षांची होतीस तेव्हा तुझ्या बाबांनी तुला असं नेलं होतं. पुढे तू मला चिडवायला डोळे मिटून जायचीस. काठी, पाऊल, काठी, पाऊल. आपल्या सगळ्यांच्या पायांना तेवढंच ठाऊक आहे.

हे खांब खालच्या काठावर आहेत. त्यांच्या खालच्या अंगाला फरशी नाही, डोह आहे. हे रूपेशला माहीत नव्हतं का? तो रोज तिथून जातो. खांब बसवताना बोल्ट त्यानेच धरून दिले होते मला.

कामात आहे. पुन्हा लिहितो.

देवेश


१३ जुलै, रविवार

हर्षला,

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. काठ्या पाण्याने नेल्या नाहीत. मी उपटल्या.

आता वाच. फाडायचं तर वाचून फाड.

२४ जूनला साहेब म्हणाले, उद्या वरून मोठे अधिकारी येणार, फोटो होणार, ते बांबू काढा, झोपडपट्टीसारखं दिसतंय. मी जाऊन तुझ्या बाबांना साधं सांगू शकलो असतो, काका, एक दिवस काढू या, परवा परत लावू. ते कदाचित हो म्हणाले असते. पण मी जाकीट घालून गेलो. तू बघायला असतीस तर किती बरं झालं असतं असं मनात म्हणत गेलो.

ते फरशीवर उकिडवे बसून शेवटच्या काठीला पाचर ठोकत होते. पहिल्या काठीपाशी नारळाची कवड आणि कुंकू होतं. मी उभ्यानेच सांगितलं, या काढा, हे आमच्या कामात येतंय. त्यांनी पाचर ठोकून पूर्ण केली, हातोडी धुतली, मग माझ्याकडे बघितलं.

"तुज्या त्या खांबावानीच हायस तू," म्हणाले. "साहेबानं लाथ घातली की वाकायचं, साहेब गेला की ताठ. तिकडं पोरीच्या हॉस्टेलचं गेट लाथेनं वाजवतोस, हिकडं मला काम शिकवतोस व्हय?"

म्हणजे त्यांना गेटाचं माहीत होतं. तूच सांगितलंस. हो, मारली होती लाथ. एक नाही, पाच-सहा. वॉचमनने मोठं केलं नव्हतं.

माझ्या मागे माझी सहा माणसं उभी होती, त्यांच्यातला एक फिसकन हसला. मग मी काही ऐकलं नाही. पहिलीपासून एकविसावीपर्यंत, तुझ्या बाबांच्या डोळ्यांदेखत, एकेक पाचर उडवून काठी उपटली. ते अडवायला आले नाहीत. कवड उचलून पंच्यात गुंडाळली आणि गेले.

काठ्या आहेत. फेकल्या नाहीत. कंटेनरच्या मागे बांधून ठेवल्यात, ताडपत्रीखाली. फोटो झाला की परत लावायच्या असं मनात होतं.

फोटो छान आला म्हणे. पेपरातसुद्धा छापून आला. त्यात तो हिरवा पट्टा फरशीवरून सरळ गेल्यासारखा दिसतो.

देवेश


२२ जुलै, मंगळवार
(स्पीड पोस्ट)

हर्षला,

आमच्या आईकडून कळलं, तू शनिवारी येतेस, नागपंचमीला घरी. एरवी मी काय केलं असतं ते जाऊ दे. हे पत्र त्याबद्दल नाही. हे तरी शेवटपर्यंत वाच.

फरशीवर रोज पाणी आहे. कधी घोटाभर, कधी मांडीपर्यंत, घाटात काय पडतं त्यावर. रूपेशनंतर अजून दोघं पडले. वाडीवरचा पोशा दूधवाला, त्याचे दोन्ही कॅन गेले आणि हाताचं हाड मोडलं. तिसरा खोपोलीत भाड्याने राहणारा आपल्याच गावचा मनोज, तो खांबाला लोंबकळत राहिला म्हणून दोराने ओढता आला. तिघंही आपले. परगावचा एकही पडला नाही, हर्षला. बिहारची पोरं कारखान्यात जातात, ती खांब बघतात आणि लांबून, मधून जातात. त्यांना खांब म्हणजे कड. आपल्याला काठी म्हणजे धरायची, आणि खालच्या अंगाने चालायचं.

मी साहेबांना सांगितलं. म्हणाले, खांब नकाशाप्रमाणे आहेत, वरून मंजुरी आल्याशिवाय एक बोल्ट हलणार नाही, आणि पाण्यात सायकल घालायला लोकांना कुणी सांगितलं? मी एक पाटी लिहून लावली, 'खांबाच्या वरच्या बाजूने चला'. ती रात्रीत वाहून गेली. देवळासमोर चार माणसं धरून समजावलं तर म्हणाले, आमच्या बापाची फरशी, आमाला म्हाइत हाय. खरंच त्यांना माहीत आहे. विचारलं तर प्रत्येक जण बोट करून दाखवतो, खांब इकडे, डोह तिकडे. पण पाणी चढलं, पाऊस तोंडावर मारायला लागला, डोळे बारीक झाले, की डोकं थांबतं आणि पाय चालायला लागतात.

रविवारी एकवीस काठ्यांची मोळी खांद्यावर घेऊन तुमच्या अंगणात गेलो. तुझ्या बाबांच्या पायाशी ठेवली. ते एकच वाक्य बोलले. ते मी इथे लिहीत नाही. मोळी परत घेऊन आलो. काठ्या आता रोवता येणार नाहीत. का, ते विचारू नकोस.

तुझ्या आईला मी बाजूला घेऊन सांगितलं, हर्षलाला फोनवर सांगा, खांब धरू नको म्हणावं. सुंदराकाकू म्हणाल्या, "ती काय पावनी हाय? बापानं शिकवलंय तिला." हेच तर मी सांगत होतो. रूपेशला तुला फोन करायला लावला. तू त्याच्या तोंडी माझं नाव ऐकून कट केलास. तुझी चूक नाही. मी चाळीस-चाळीस मेसेज केलेत तुला. आता खरं बोलायची वेळ आली तर सगळी दारं मीच बंद करून बसलोय.

म्हणून नीट लिहितो. तू जूनच्या सुरुवातीला गेलीस, तू हे खांब बघितलेच नाहीस. तुझी सायकल स्टेशनजवळच्या स्टँडवर आहे, तू तीच घेऊन येशील, कारण पाणी असलं की रिक्षा फरशीच्या अलीकडेच सोडते. समोर नारिंगी खांबांची रांग दिसेल. ती आपली नाही.

खांबाला हात लावू नकोस. खांब दिसले की त्यांच्यापासून घाटाच्या बाजूला पाच पावलं ये आणि तिथून चाल. मांडीच्या वर पाणी असेल तर चालूच नकोस, स्टँडवर थांब.

शनिवारी बारापासून मी फरशीवर असेन. कमरेला दोर बांधून, वरच्या काठावर, जिथे अकरावी काठी असते तिथे. माझ्याशी बोलू नकोस, बघू पण नकोस. फक्त माझ्या खालच्या अंगाने ये.

देवेश


१० ऑगस्ट, रविवार

हर्षला,

गुरुवारी तेरावं झालं. मी आलो नाही. रूपेशने सांगितलं, तू विचारलंस की त्या दिवशी फरशीवर देवेश होता ना, मग त्याने काय बघितलं?

पंचनाम्यात 'पाय घसरून' असं आहे. गावात म्हणतात, ओहोळाने नेलं. मी पण पोलिसांना आणि गावाला एवढंच सांगितलं, की मी पाठमोरा होतो, काही बघितलं नाही. ते खरं आहे आणि खोटंही. तुला सगळं लिहितो, क्रमाने.

मी पावणेबारालाच गेलो. दोर वरच्या काठाच्या ऐनाच्या झाडाला बांधला. पाणी गुडघ्याच्या वर होतं, थंड आणि जड. समोर खोपोलीची बाजू, वळणापर्यंत शंभर पावलं रस्ता दिसत होता, आणि पावसाचा पडदा. मी त्या वळणावर नजर लावली. एक वाजला, दीड वाजला. सायकलवाले दोन-तीन आले, मला बघून खालच्या अंगाने गेले, सुखरूप. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, एक काठी तरी झालो. तुला सांगायचं असंही ठरवलं होतं. बघ, त्या वेळी मी हे ठरवत होतो.

ठाकुरवाडीजवळ रुळावर दरड आली आणि तुझी गाडी घाटात दीड तास अडकली, हे मला नंतर कळलं. तू कर्जतला उतरलीस तेव्हा घरी फोन केलास, हे पण. रूपेश तेव्हा तुमच्या ओटीवर बसला होता, त्याने ऐकलं. तू बाबांना म्हणालीस, देवेशचं पत्र आलंय, फरशीवर खांबाच्या वरनं यायचं म्हणतो, खरं का? आणि बाबा म्हणाले, "त्याचं काय ऐकू नको गं. तू स्टँडवरच थांब. मीच येतो न्यायला."

महिनाभर जो माणूस सात किलोमीटरचा वळसा घेत होता, तो त्या दिवशी वळसा घेऊन येता तर तुझी खोपोलीची गाडी त्याच्या तासभर आधी पोचली असती. तू एकटीच निघशील असं वाटलं असेल त्यांना. तू ऐकणारी नाहीस, हे आम्हा दोघांना माहीत होतं. म्हणून ते फरशीने आले.

माझ्या पाठीमागून.

त्यांनी हाक मारली नाही. मारली असती तरी त्या आवाजात ऐकू आली नसती, आणि मला हाक मारावी असं मी त्यांच्यासाठी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मी वळणाकडे तोंड करून उभा होतो, हर्षला. गावाकडून कुणी येईल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी सगळ्यांसाठी उभा नव्हतो, तुझ्यासाठी उभा होतो.

पुढे लिहिण्याआधी जे मी मागच्या तिन्ही पत्रांत चोरलं ते लिहितो.

'फोटो झाला की परत लावायच्या' हे खोटं होतं. तुझे बाबा कवड घेऊन गेले आणि ती सहा जणं माझ्याकडे बघत होती, तेव्हा मी खांबांच्या बोल्टसाठी आणलेलं झटपट सुकणारं सिमेंट कालवलं आणि भोकं बुजवली. फरशी ओतली त्या वर्षी तुझ्या आजोबांनी ओल्या काँक्रीटमध्ये बांबूचे तुकडे खोचून ठेवलेली ती एकवीस भोकं. प्रत्येकात सिमेंट भरून थापीने वरून गुळगुळीत केलं. अर्ध्या तासात दगड. दुसऱ्या सकाळी तुझे बाबा हातोडी घेऊन आले, फरशीवर बोटांनी चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, आणि तसेच परत. त्यानंतर त्या शनिवारपर्यंत ते फरशीवर आले नाहीत. लोकांना वाटलं खांबांवर राग आहे.

मी मोळी घेऊन अंगणात आलो तेव्हा ते जे वाक्य बोलले ते हे. "रोवू कुठं रं? भोकं दे." बस एवढंच. आवाज चढवला नाही. त्याच संध्याकाळी मी छिन्नी घेऊन पाण्यात बसलो होतो. पाण्याखाली छिन्नी बसत नाही, घाव निसटतो. दोन बोटं सोलून घरी आलो.

गावात कुणाला भोकांचं माहीत नाही. तुझ्या बाबांनी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर गावाने मला धरून हाणलं असतं, आणि त्याच दिवशी खांब पण उखडले असते. कदाचित तुझं नाव निघेल म्हणून गप्प बसले. गेटाची गोष्ट निघाली असती, मग पुण्याची, मग तुझी.

आता काम सुटलं आहे. जाकीट परत दिलं. गेले सहा दिवस थोडी उघडीप आहे, फरशी सकाळची कोरडी असते. छिन्नी-हातोडी घेऊन बसतो. तेरा भोकं मोकळी झाली, आठ राहिलीत. येणारे-जाणारे सायकली थांबवून बघतात, विचारत नाहीत. पोशा गळ्यात हात बांधलेला, तो काल अर्धा तास माझ्याशेजारी बसून खडे वेचत होता. काठ्या मी रोवणार नाही. तो मान तुमच्या घराचा. तुझ्या आईच्या हातून रोवा, तुझ्या हातून रोवा, पण लवकर, भादव्याचं पाणी बाकी आहे. खांब अजून तिथेच आहेत. पंचनाम्याला आलेल्यांनी त्यांना हात टेकूनच मोजमाप घेतलं.

हे पत्र पोलिसांना द्यायचं असेल तर दे. म्हणूनच खाली पूर्ण सही करतोय. आधीची चारही जोड, जर ठेवली असशील तर.

आता तुझा प्रश्न. मी काय बघितलं.

अडीच वाजले असतील. उभा राहून राहून मान अवघडली होती. ती मोकळी करायला मी वळलो, गावाच्या बाजूला. माणूस नव्हता. सायकल नव्हती. पाणी होतं तसंच जात होतं, आणि अठरा खांबांतले सतरा सरळ उभे होते.

सातवा आडवा होता. माझ्या डोळ्यांसमोर तो पाण्यातून हळूहळू परत उभा राहिला, टेंपो वरून गेल्यावर राहतो तसा. मी टेंपो शोधला. खरंच, आधी मी टेंपोच शोधला.

देवेश काशिनाथ भोईर